खिळ्यांवर टांगलेली माणसं

एका सोमवारी मी आमच्या संस्थेतल्या चाळीस-बेचाळीस माणसांना एकदम मॅनेजर करून टाकलं, आणि शनिवारपर्यंत ते मला कळलंच नाही. त्या सहा दिवसांत सौंसरच्या एका बाईचं काम गेलं. माणसं मॅनेजर करायचा मला अधिकार नव्हता आणि कोणाचं काम घालवायचाही नव्हता. माझ्याजवळ होतं नागपूरच्या कम्प्युटर क्लासचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट. ते मी फ्रेम करून घेतलं होतं, हे सांगायला आता लाज वाटते, पण सांगून टाकतो.

अठ्ठ्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमची सहकारी संस्था कापूस आणि संत्री घ्यायची. मोठं ऑफिस नागपूरपलीकडे, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला, संत्र्यांची शेड सौंसरला. कम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी थंड हवेची खोली केली, दाराशी चपला काढायला लावल्या, आणि पहिल्या दिवशी अध्यक्षांनी त्याला हळदीकुंकू वाहिलं. एक मोठा डबा खोलीत, आणि त्याला तारेनं जोडलेले दोन पडदे बाहेर ऑफिसात. माझं काम असं होतं : रेकॉर्ड रूममधल्या तीस वर्षांच्या कागदांची यादी मशीनमध्ये भरायची, म्हणजे कोणीही बाहेरच्या पडद्यावर एखादं नाव टाकलं की कोणता कागद कोणत्या बस्त्यात बांधलेला आहे ते समोर यावं.

त्या रेकॉर्ड रूममध्ये बाबूजी होते.

सगळे त्यांना बाबूजीच म्हणत. रामाकोन्याचे. आठवडाभर पांढुर्ण्याला एका खोलीत राहायचे, शनिवारी दुपारी बसनं सौंसर आणि तिथून अरुंद रुळांवरच्या छोट्या रेल्वेगाडीनं घरी. उंच, वाळलेले, मान कायम थोडी पुढे, जणू कोणी हळू आवाजात काही सांगतंय आणि ते ऐकतायत. त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला भिंतीवर एक फळी होती आणि फळीवर अकरा खिळे. एका खिळ्यावर सभासदाची पांढरी टोपी. एकावर चपराशाचा पितळी बिल्ला. एकावर हिरव्या शाईचा पेन, तो ऑडिटरचा. एकावर छत्री, ती गावोगाव फिरणाऱ्या सुपरवायझरांची. आणि सगळ्यात वरच्या खिळ्यावर मॅनेजरसाहेबांचा जुना चष्मा, एक काच तडकलेली.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणालो, "बाबूजी, माझ्या नेमणुकीचा कागद पाहायचा होता."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोन होऊन पाहू?"

"म्हणजे?"

"तू इचारून राहिला का साहेब इचारून राहिले?"

"मीच विचारतोय."

"मंग तुयासाठी काही लटकवा लागन." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. कम्प्युटरच्या खोलीतून मी मोजे घालून तसाच आलो होतो. "एक दे काढून."

माझा उजवा मोजा त्या दिवसापासून नवव्या खिळ्यावर होता. बाबूजींनी तो खिळ्यावरून उतरवला, खांद्यावर टाकला, आणि ते माझ्यासारखे, म्हणजे जरा घाईघाईनं आणि उगाच इकडेतिकडे बघत, बस्त्यांच्या रांगांमध्ये शिरले. दोन मिनिटांत माझा कागद आणला. त्याच बस्त्यात माझ्याविषयी मॅनेजरसाहेबांनी लिहिलेला शेराही होता, हे मला पुढे कळलं. तो त्यांनी आणला नाही. विचारलं तर म्हणाले, "तुले तो दिसत नाही. मले कसा दिसन?"

आधी मला वाटलं, म्हातारा गंमत करतो. गंमत नव्हती. चपरासी एकदा तोंडी निरोप घेऊन आला, साहेबांना अमुक फाइल हवी. बाबूजींनी बिल्ला लावला, लगबगीनं आत गेले आणि रिकाम्या हातानं बाहेर आले. "चपराशाले ते दिसत नाही. साहेबाले म्हना, चिठ्ठी द्या." साहेब भडकले, पण चिठ्ठी दिली. मग बाबूजींनी तडकलेला चष्मा चढवला, साहेबांसारखं दोनदा खोकले, हात मागे बांधले, आणि एका मिनिटात फाइल हजर.

"बाबूजी, आत तर तुम्ही एकटेच असता," मी एकदा म्हणालो. "मग हे नाटक कोणाला दाखवता?"

"नाटक लोकाइले दाखवाले असते," ते म्हणाले. "मी दाखवत नाही म्हून तं ते नाटक नाही. किल्ली मायाजवळ हाय बापू. नजर मायी नाही. ज्याची नजर घेऊन गेलो, त्याले जेवढं दिसते तेवढंच मले दिसते. एखाद्या दिवशी मायी स्वताची नजर घेऊन आत गेलो तं तीस वर्साचं सारं गाव मले नागडं दिसन. मंग बाजारात कोनाच्या तोंडाकडे कसा पाहू?"

स्वतःच्या बाबतीतही हाच कायदा. त्यांना आपलं सर्व्हिस बुक पाहायचं होतं, तर त्यांनी बाहेर येऊन, दार लावून, दारावर टकटक केली. आतून कोणी 'या' म्हणेना, कारण आतले बाबूजी बाहेर होते. मग आत जाऊन त्यांनी अर्ज घेतला, आवक रजिस्टरवर चढवला, आणि स्वतःला सांगितलं, उद्या या. दुसऱ्या दिवशी खरोखर आले.

त्यांच्या बायकोनं तर मला रामाकोन्याला जेवायला बसवून, बाबूजींच्या देखत, आणखी एक सांगितलं. "लग्नाले अडतीस वर्सं झाली. मायी पेटी यांनी कधी उघडली नाही. एकदा मी दवाखान्यात होती, लुगडं पायजे होतं. तं यांनी काय केलं, मायी शाल डोक्यावरून घेतली अन् मंग पेटी उघडली! शेजारीन खिडकीतून पाहून राहिली. तिनं गावभर सांगितलं, याइच्या घरी कोन्ही दुसरी बाई येऊन बसली."

"लुगडं बरोबर आनलं होतं का नाही?" बाबूजी भाकरी मोडत म्हणाले.

"ते आनलं होतं," बाई म्हणाली. "तेच तं!"

बाबूजींच्या रजिस्टरला शेवटी एक जास्तीचा रकाना होता : 'कोणास दिसावे'. प्रत्येक कागदापुढे तो भरलेला. मी आठ महिने बसून ते रजिस्टर मशीनमध्ये भरलं आणि तो रकानासुद्धा एकूण एक टाइप केला. याचा मला फार अभिमान होता. त्यात एक नोंद अशी होती : तक्रार, सौंसर शेड, अर्जदार पंचफुलाबाई, विरुद्ध शेडचे सुपरवायझर (नावानिशी), बंद पाकीट, फक्त मॅनेजर.

पंचफुलाबाई शेडमध्ये संत्री निवडायची. पंचेचाळिशीची बाई, सातवीपर्यंत शिकलेली, स्वतःच्या हातानं लिहायची. सुपरवायझर बायांना घाण बोलायचा. कोणी उलट बोललं की दुपारपर्यंत राबवून त्या दिवसाची हजेरीच कापायचा. शेडमध्ये पंधरा बाया होत्या. सगळ्या वैतागलेल्या, पण सही केली एकटीनं. पाकीट घेऊन ती स्वतः पांढुर्ण्याला आली होती, ते लाखेनं बंद करून बाबूजींच्या हातात दिलं होतं आणि म्हणाली होती, "मायं नाव त्याले कळलं तं दुसऱ्या दिवशी मी घरी बसन, बाबूजी. शेडचं काम सोडून दुसरं काही नाही आमच्या घरी." बाबूजींनी साहेबांना तसं कळवलंही होतं. साहेब दोन महिने "पाहतो, पाहतो" म्हणत होते, कारण सुपरवायझर अध्यक्षांचा भाचा.

आता माझा सोमवार. शोधायचा प्रोग्रॅम मी चालू केला. वीज जायच्या आत अध्यक्षांसमोर तीन नावं शोधून दाखवली. टाळ्या. दुपारपासून बाहेरच्या दोन पडद्यांपुढे रांग. जो तो येऊन माझी पाठ थोपटायचा. "काय मशीन आहे हो!" मी म्हणायचो, "वेग पाहिला ना?" वेगाचं कौतुक कोणीच करत नव्हतं, हे मला कळायला हवं होतं. खरेदीच्या बाबूला त्याचा गोपनीय शेरा सापडला होता : 'आळशी, परंतु अक्षर चांगले'. तो बुधवारपासून मुद्दाम घाण अक्षरात लिहू लागला. चपराशाला कळलं की त्याची बदली सौंसरला व्हावी असं कोणी दोनदा लिहून दिलंय, आणि त्या कोणीतरीचा चहा गार येऊ लागला. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माणसं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना गोटे मारतात आणि तिसऱ्या दिवशी सोबत चहा पितात, म्हणून ऑफिसातल्या धुसफुशीचं मला काही वाटलं नाही.

गुरुवारी सौंसरचा सुपरवायझर आठवड्याचे कागद द्यायला आला. गंमत म्हणून पडद्यावर त्यानं आपलंच नाव टाकलं.

शनिवारी सकाळी पंचफुलाबाई रेकॉर्ड रूमच्या दारात उभी. आदल्या दिवशी शेडमध्ये तिला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नको, कम्प्युटरात तुझं नाव निघालं. ती रडत नव्हती. नुसती विचारत होती. "पाकीट तुमच्याजवळ होतं ना बाबूजी? कोनं फोडलं?"

लिहिणारीला आपलं पाकीट दिसणारच, म्हणून बाबूजींनी ते तिच्यासमोर काढलं. लाख शाबूत.

मग ते माझ्या थंड खोलीत आले. आयुष्यात पहिल्यांदा. चपला काढल्या, बसले नाहीत.

"तुया मशीनमध्ये शोधाले आत कोन जाते?"

"प्रोग्रॅम जातो, बाबूजी."

"कोनाच्या नावानं?"

"माझ्या."

"अन् तुले काय काय दिसते?"

"मला सगळंच दिसतं. मॅनेजरसाहेबांइतकं. त्याशिवाय यादी भरताच आली नसती."

त्यांनी त्या डब्याकडे बोट केलं. "म्हंजे चपराशी इचारते, अन् तू साहेब होऊन आत जाऊन राहिला. सुपरवायझर इचारते, अन् तू साहेब होऊन आत जाऊन राहिला. अन् जे सापडलं ते आनून त्याइच्या हातावर ठेवून राहिला."

मी म्हणालो, "पण तो शेवटचा रकाना मी भरला होता ना! एकूण एक ओळ."

"भरला. पन वाचाले कोन उभा होता दारात? तूच. तुले कोन अडवन?"

मी तिथल्या तिथे शोध बंद केला. बाहेरच्या रांगेत एकच ओरडा झाला.

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही सगळे. साहेब, सुपरवायझर खुर्चीवर. पंचफुलाबाई, बाबूजी आणि मी उभे. साहेबांनी रविवारभर विचार केलेला दिसत होता. ते गोड आवाजात म्हणाले, "असं पाहा, असा काही कागद आहे की नाही तेच नक्की नाही. मशीन नवीन. कधी कधी कोणाचंही नाव कुठंही लागतं. काय हो, लागतं ना?"

ते माझ्याकडे पाहत होते. वाट सोपी होती. मी 'हो' म्हटलं की मशीनची चूक, माझी नाही. कागद नाहीच, म्हणून तक्रार नाही. तक्रार नाही, म्हणून बाईला कोणी काढलंच नाही, तीच कंटाळून घरी बसली. माझी नोकरी शाबूत. मी शूर माणूस असतो तर इथे काहीतरी बाणेदार सांगायला मिळालं असतं. मी म्हणालो, "तसं पाहिलं तर..."

पंचफुलाबाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी वाक्य तिथेच सोडून दिलं.

"मशीन राहू द्या साहेब," बाबूजी म्हणाले. "कागद पाह्यचा का? कोन होऊन पाहू?"

"कोण होऊन काय, बाबूजी! मीच विचारतोय ना?" साहेब वैतागून बोलून गेले.

"मंग झालं." बाबूजींनी सदऱ्याच्या खिशातून तडकलेला चष्मा काढला, चढवला. दोनदा खोकले. हात मागे बांधून केबिनबाहेर गेले. सुपरवायझर खुर्चीचा हात नखानं खरवडत होता. मला मधेच हसू येत होतं.

बाबूजी आले, पाकीट टेबलावर ठेवलं, चष्मा काढून हातात धरला. "तुमच्या नजरेनं गेलो साहेब. साफ दिसलं. दोन महिन्यांपासून दिसून राहिलं."

साहेबांनी पाकिटाकडे पाहिलं, मग आम्हा चौघांकडे एकेक करून. चार जणांसमोर टेबलावर आलेला कागद हरवत नाही, हे तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी लाख फोडली.

"सब झूठ लिखा होगा," सुपरवायझर म्हणाला.

"वाचा तं आधी," पंचफुलाबाई म्हणाली. "मी खाली जागा सोडली हाय. बाकीच्या चौदा जनी सही कराले तयार हायेत. आता नाव तं फुटलंच हाय, तं लपवाचं काय राहिलं? मी काल एकेकीच्या घरी जाऊन आली."

त्या दिवशी दुपारी तिला कामावर घ्यायचा हुकूम निघाला. सुपरवायझरला पांढुर्ण्याच्या आवारात कापसाच्या गाठींवर नेमलं. गाठींना काहीही बोललं तरी त्या तक्रार करत नाहीत. मला साहेबांनी तासभर झापलं, पण काढलं नाही. मशीन बंद कसं करायचं ते दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

मग मी नवा प्रोग्रॅम लिहिला, आणि तो बाबूजींकडून शिकून लिहिला. पडद्यापुढे बसला आहे तो कोण, हे आधी विचारायचं. माझं नाव दाराशी काढून ठेवायचं. त्या माणसाचं नाव घेऊन आत जायचं, त्याला दिसेल तेवढंच आणायचं. पहिली चाचणी मी चपराशाच्या नावानं घेतली. प्रोग्रॅम बिनचूक चपरासी झाला. परत येताना माझं नाव पुन्हा घ्यायचं, हे लिहायलाच मी विसरलो होतो. अख्खी दुपार मी माझ्याच मशीनवर चपरासी होतो. माझाच प्रोग्रॅम मला उघडून देईना. खरा चपरासी दारात येऊन म्हणाला, "मंग आज चहा तुम्ही आनता का?"

बाबूजींना सांगितलं तर ते म्हणाले, "टोपी काढाले इसरला तू. होते तसं. मी एकदा साहेबाचा चश्मा घालून तसाच घरी गेलो होतो. दोन दिवस हुकूम सोडले."

"मग?"

"मंग काय? घरी कोन ऐकते?"

दुरुस्त झाल्यावर मी त्यांनाच बसवलं. त्यांनी एका बोटानं आपलं नाव टाकलं. पडद्यावर एकच ओळ आली : त्यांचं स्वतःचं सर्व्हिस बुक. मला ओशाळल्यासारखं झालं. तीस वर्षं ज्यानं एकेक कागद बांधला, सोडला, पुन्हा बांधला, त्याच्या नावावर एवढंच. पण बाबूजी पडद्याकडे पाहून हसले. मी त्यांना तोंडभर हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "एकच!" ते म्हणाले. "आता बरोबर झालं." आणि उठून चपराशाला बोलावून त्यालाही दाखवलं.

शनिवारी ते मला सोबत घेऊन निघाले. "चाल. बाईले तोंडानं सांग. कागदानं सांगशीन तं पुन्हा कोन्हाले तरी दिसन." सौंसरला ते मला शेडच्या दारात सोडून त्यांच्या छोट्या गाडीकडे गेले. वळूनही पाहिलं नाही.

पंचफुलाबाई बाकीच्या बायांसोबत संत्र्यांच्या ढिगापाशी बसली होती. मी उभ्या उभ्या सुरू केलं : प्रोग्रॅम कोणाच्या नावानं जातो, आधी कसा जायचा, आता कसा जातो, चूक नेमकी कोणत्या ओळीत होती. बाया काम थांबवून ऐकत होत्या. पंचफुलाबाईचे हात थांबले नव्हते. माझं संपलं तेव्हा ती म्हणाली, "माफी मांगाले आला का शिकवाले आला?"

"माफी," मी म्हणालो.

"मंग बस खाली. आज एक बाई कमी हाय."

मी बसलो. दिल्लीच्या पेटीत टणक, एकसारखी, डाग नसलेली. पोचट आणि डागी बाजूला, ती इथल्या बाजाराला. एवढंच तर होतं. मी मन लावून, एकही शब्द न बोलता, अर्धी पेटी भरली. शेजारची म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती, ते माझं काम आवडलं म्हणून असं मला वाटलं.

पंचफुलाबाईनं माझी पेटी पुढे ओढली. वरचं एक संत्रं दाबून पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. मग सगळी पेटी पुन्हा ढिगावर उलटी केली.

"ऊठ बापा," ती म्हणाली. "तू आपला मशीनवरच बस. संत्र्याले डोकं लागते."